अक्काला ग्रुपमधून कुणी काढलं

शेवंताक्काच्या तोंडात मिसरी असेपर्यंत गावात शांतता असायची. सकाळी दूध घालायची रांग लागली की ती संस्थेच्या पायरीवर बसून मिसरी लावायची, डाव्या हातात मोबाईल लांब धरून ग्रुपवरचं एकेक वाचायची आणि भुवया वरखाली करायची. रांगेतल्या लोकांना कळायचं, आज कुणाचं तरी काही खरं नाही. मग ती उठायची, चूळ भरायची आणि जो पहिला शब्द तोंडातून निघायचा तो मी इथं लिहीत नाही. लिहिला तर तिच्याच नियमात बसायचा नाही.

मी तिच्या हाताखाली होते. आमच्या महिला दूध संस्थेत फॅटच्या मशीनवर बसायचं माझं काम. म्हणजे रोज उठून बोलणी खायचं काम. म्हैस कुणाचीही असो, तिनं काहीही खाल्लेलं असो, फॅट कमी लागलं की चोर कोण? सुनंदा! अक्का आमची चेअरमन, गावाच्या भाषेत चेरमनबाई. आणि सहीपुरती नव्हे हो. तिचा नवरा एकदा बैठकीत येऊन टेकला, तर म्हणाली, "अवो, आलाच हाय तर भायेर बसा, बायांच्या चपला कुत्रं नेतंय." बसला बिचारा.

आमचं गाव नेकनूरहून आत. त्या दुष्काळात बोअर आटले, विहिरींच्या तळाशी चपला दिसायला लागल्या, तेव्हा संस्थेनं पाझर तलावाच्या कोरड्या पोटात जनावरांची छावणी उघडली. आसपासच्या वस्त्यांवरून लोक गायी-म्हशी घेऊन आले. टँकर कधी येणार, चाऱ्याची गाडी कधी येणार, हे सगळ्यांना एकदम कळावं म्हणून दत्तानं मोबाईलवर ग्रुप तयार केला. दत्ता म्हणजे चाऱ्याच्या पिकअपचा ड्रायव्हर. मनानं चांगला, पण बोटं भारी खाजरी. त्यानं मागेल त्याला ॲडमिन करून टाकलं. झालं! पहाटे गुलाबाची फुलं, दुपारी पुढाऱ्यांवरून हमरीतुमरी, संध्याकाळी एकमेकांच्या खानदानाचा उद्धार. एक दिवस चाऱ्याची गाडी लवकर आल्याचा निरोप या सगळ्याच्या खाली गाडला गेला आणि अर्ध्या वस्तीची जनावरं उपाशी राहिली. लोक दत्तावर धावून गेले. तो चिडला, सगळ्यांचं ॲडमिनपण काढून घेतलं, ते एकट्या अक्काच्या गळ्यात घातलं आणि स्वतः ग्रुप सोडून गेला. दुसऱ्या दिवशी आला म्हणा परत, साधा सभासद म्हणून. घरी करमेना त्याला.

बैठकीत कुणीतरी म्हणालंच, "अक्का, तुमाला मोबाईलातलं काय कळतंय?"

"मोबाईलातलं न्हाई कळत," अक्का म्हणाली, "पर तुमच्यातलं समदं कळतंय."

आता खरं सांगायचं तर आख्ख्या पंचक्रोशीत अक्काएवढी तोंडाळ बाई नव्हती. तिच्या शिव्या ऐकायला म्हणून माणसं तिच्याशी मुद्दाम वाकडं बोलायची. तिलाच लोकांच्या तोंडाला आवर घालायला बसवायचं म्हणजे कमालच. पण तिचं एक होतं. भांडण तिला मनापासून आवडायचं, आणि म्हणूनच मोबाईलवरच्या भांडणाचा तिला विलक्षण राग. म्हणायची, "मला शिवी द्यायचीय ना? दारात ये. तुझं थोबाड मला दिसलं पायजे, माझं तुला. हे काय, पांघरुणात तोंड घालून बोंबलायचं!"

तिनं नियम घातला, ग्रुपवर टँकर आणि चारा एवढंच, शिव्याबिव्या नाहीत. पहिला नंबर लागला फुलांचा. सकाळी सकाळी कुणी गुलाब टाकला की अक्का आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. मोबाईल हातभर लांब धरायची आणि तीन शेतं पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी ओरडायची, "ही फुलं जनावरं खाणार हायेत का? कडबा धाडा!" मग डिलीट. मिसरीनं अंगठा काळा झालेला असायचा, मोबाईल तो ओळखायचा नाही, मग पदराला पुसून पुन्हा. कुणी कुणाला वाकडं लिहिलं तरी तेच, आणि आमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर नुसतं यायचं की ॲडमिननं मेसेज डिलीट केला. त्याचा उलटाच परिणाम झाला. लोक कामंधंदे टाकून संस्थेवर यायला लागले, "अक्का, काय होतं वो त्यात?" आणि अक्का सांगायची! कुणी काय लिहिलं, कुणाला लिहिलं, वर पदरचं मीठ-मसाला घालून सांगायची. मी म्हणायचे, "अहो मग डिलीट कशाला केलंत अक्का?" तर म्हणे, "मी सांगितलं तर माज्यावर येतंय. तिथं ऱ्हायलं तर त्येच्या लेकराबाळावर येतंय."

असं सगळं बरं चाललं होतं आणि बिरूतात्याचं प्रकरण झालं.

बिरूतात्या धनगरवस्तीवरचा. मेंढरं त्यानं दुष्काळाच्या तोंडालाच भावाबरोबर खाली पाणी असलेल्या मुलखात धाडली होती, चार गायी घेऊन छावणीत आला होता. चारीही भाकड. त्याला लिहिता यायचं नाही, तो आवाज पाठवायचा. बटण दाबायचा आणि सोडायचं विसरायचा, त्यामुळे त्याच्या निरोपात त्याचा खोकला, कुत्र्याला हाड-हाड, बायकोला "च्या टाक", सगळं यायचं. माणूस कधी आवाज चढवून बोललेला मी ऐकला नाही. त्या दिवशीही चढवला नव्हता.

"चेरमनबाई, आइका," तो बोलला होता. "माज्या गाया पार शेवटच्या दावणीला हायत. उसाचं वाढं येतंय गेटातनं, अन् गेटापाशी दुभत्या म्हशी. आमच्यापतुर येस्तोवर नुसतं पाचट उरतंय. दुभत्याला पोट हाय, तसं भाकडाला बी हाय की. तुमच्या म्हशी पयल्या दावणीला हायत, म्हून तुमाला दिसंना."

एवढंच. पण ते ऐकून जे बाकीचे तुटून पडले! ज्यांनी आयुष्यात अक्कासमोर मान वर केली नव्हती ते बहाद्दर लिहायला लागले. कुणी तिला चाराचोर म्हटलं, कुणी तिच्या म्हशींची चरबी काढली. अक्का तेव्हा पहाटेपासून टँकरमागं उभी होती, पोटात अन्नाचा कण नव्हता. तिनं ते वाचलं आणि तिचा चेहराच बदलला. नेहमी ती चिडली की बोलायची. त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. अंगठा पदराला पुसला आणि बिरूतात्याला ग्रुपमधून काढून टाकलं. ज्यांनी घाण लिहिली ते राहिले आत, आणि ज्यानं नीट बोलून दाखवलं तो बाहेर.

"लई बरं वाटलं बग," ती मला म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसत मात्र नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या दावणीत तात्याची जागा रिकामी. गायी नाहीत, बाज नाही. मेखा उपटून नेल्या होत्या आणि मेखांचे खड्डेसुद्धा मातीनं नीट बुजवले होते. शेजारच्या दावणीवरची म्हातारी म्हणाली, "फाटंच गेला. म्हनला, ताटावरनं उठवल्यावर मानूस थांबतंय व्हय?"

आमच्याकडं हे फार मोठं असतं बरं का. वैरी असला तरी पंगतीत बसला की त्याला कुणी उठवत नाही. खुद्द अक्काच्या लेकीच्या लग्नात बांधावरून कोर्टकचेरी चाललेला तिचा चुलतदीर न बोलावता येऊन बसला होता. सगळा मांडव अक्काकडं बघत राहिला. अक्कानं तुपाची वाटी घेतली, त्याच्यासमोर गेली, दात खाऊन पुटपुटली, "गीळ मुडद्या," आणि भातावर तुपाची धार धरली. दोनदा वाढलं त्याला. आणि त्याच अक्कानं बिरूतात्याला सगळ्या गावादेखत उठवलं होतं. ग्रुपमधून काढलं म्हणजे काय झालं, छावणीतून थोडंच काढलं, असं शहरातला माणूस म्हणेल. म्हणू दे. तात्याला ते तसं लागलं नाही, आणि खरं सांगते, मलाही ते तसं वाटत नव्हतं.

अक्का खड्ड्यांकडं बघत उभी राहिली. तेवढ्यात वाढ्याची गाडी आली. ती तिथंच, शेवटच्या दावणीत, चारा येईपर्यंत थांबली. गेटापासून मोळ्या वाटत वाटत माणसं आली, तोवर ऊन डोक्यावर आलं होतं, आणि हातात होतं ते खरंच पाचट. हिरवं पान शोधून सापडेना. कुणी लबाडी केली नव्हती. गेटापासून वाटायचं, हीच सवय पडली होती. अक्कानं मग चार-पाच शिव्या दिल्या. सगळ्या स्वतःला.

"कुठं गेला असंल गं?" तिनं मला विचारलं.

तात्याची बहीण पालीला दिलेली. तिथल्या धरणाच्या आटलेल्या कडेला थोडीफार ओल असते, तिथं गेला असणार. पण तिथंही सगळ्यांचीच जनावरं उतरलेली. चार भाकड गायी तिथं किती दिवस तगणार? आणि नाही तगल्या तर बाजार. भाकड गायीला दुष्काळात बाजारात कोण घेतो आणि कशाला घेतो, ते सगळ्यांना माहीत आहे. अक्कानं दत्ताला पिकअप काढायला लावला. मला पुढं बसवलं. रस्ताभर दत्तानं घाबरून गाणीसुद्धा लावली नाहीत.

तात्या बाभळीखाली बसला होता. आम्हाला बघून उठला नाही, पण पटका सारखा केला. गायींच्या बरगड्या मोजाव्यात अशा झाल्या होत्या.

अक्का त्याच्यासमोर मातीतच बसली. "हं, बोला आता. मोबाईलात बोललाव त्ये तोंडावर बोला."

"बोलतो की. भेतोय व्हय?" आणि तात्यानं तेच सगळं पुन्हा सांगितलं, त्याच सुरात, मध्ये कुत्र्याला हाड-हाड करत. अक्का मधे बोलली नाही. अक्का मधे बोलत नाही म्हणजे काय, हे तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. दत्ता माझ्याकडं डोळे फाडून बघायला लागला.

"खरं हाय तुमचं," शेवटी ती म्हणाली. "मी बगून आले."

"मंग काढलं कावून?"

"राग आला म्हून. दुसरं काय न्हाई. चुकलं माजं."

"गावादेखत काढलं चेरमनबाई. मी आजवर कुनाच्या ताटाला पाय लावला न्हाई." तात्याचा आवाज पहिल्यांदा फाटला. "हितं बाभळीखाली चुकलं म्हनताव, त्ये कोन ऐकतंय?"

अक्कानं आपला मोबाईल काढला. तो एकदम माझ्या हातात देऊन म्हणाली, "सुनंदे, तात्याला ग्रुपात घे. अन् माज्यासारकं कर त्येंला. काय म्हंत्यात, ॲडमिन." मी केलं. तिनं तात्याचा मोबाईल त्याच्या हातात दिला. "आता तुमी मला काढा."

"आँ?"

"काढा म्हन्ते ना! मी उठवलं, आता मी उठते. समद्या गावाला दिसू द्या."

तात्या म्हणाला, असलं पाप करणार नाही. अक्का म्हणाली, मग मी इथून हलणार नाही. झालं, जुंपली. असं भांडण मी पाहिलं नाही. दोघंही एकमेकांना मोठेपणा द्यायला भांडत होते आणि एकमेकांना शिव्या देत होते. शेवटी ऊन उतरल्यावर तात्यानं बोट लावलं. हात इतका कापत होता की दोनदा चुकलं. मग माझ्या आणि दत्ताच्या मोबाईलवर आलं, बिरूतात्यानं शेवंताक्काला काढलं.

अरे देवा! पुढं जे फोन सुरू झाले! नेकनूरला पोहोचेपर्यंत माझा मोबाईल तापून भाजायला लागला. गाव म्हणत होतं, धनगरानं चेरमनबाईची खुर्ची घेतली. मागं पिकअपमध्ये चार गायी आणि तात्या, पुढं अक्का, आणि अक्का खुशीत! "काय म्हन्त्यात गं? वाच की!" मी म्हटलं, "अक्का, तुम्ही ग्रुपात नाही. नियमात बसत नाही." माझ्या आयुष्यात तिला गप्प करायची मला तेवढी एकच संधी मिळाली, मी कशी सोडीन?

त्यानंतर काही दिवस अक्का ग्रुपबाहेर होती. तिच्या जिवाची नुसती तगमग. मिसरी लावताना हात मोबाईलकडं जायचा आणि परत यायचा. तात्या रोज सकाळी आवाज पाठवायचा, टँकर कधी, गाडी कधी, आणि शेवटी खोकला. ग्रुप इतका सभ्य झाला होता की कंटाळा यावा. अक्कानं छावणीत वाटप फिरवलं होतं, आता शेवटच्या दावणीपासून गेटाकडं यायचं. साहजिकच तिच्या म्हशींपुढं पाचट पडायला लागलं. दूध घटलं. फॅट मीच बघत होते, मला काय सांगायचं! मी हळूच म्हटलं, एखादी मोळी आधी बाजूला ठेवू का? तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मशीन पुसायला लागले.

तात्या सगळं बघत होता. एका सकाळी तो गेटापाशी आला, अक्काच्या म्हशींपुढचं पाचट हातात घेऊन बघितलं, आणि दोन मोळ्या आपल्या गायींच्या पुढून उचलून म्हशींना टाकल्या. मग दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं वाटायचं असं त्यानंच ठरवून टाकलं. तिथंच उभं राहून त्यानं मोबाईल काढला. आम्ही संस्थेत होतो. रांगेतले सगळे मोबाईल एकदम वाजले. तात्यानं अक्काला आत घेतलं होतं, आणि मागोमाग त्याचा आवाज आला, "चेरमनबाई, या. बसा."

अक्काच्या तोंडात मिसरी होती. तिला बोलता येईना. डोळ्यांतून पाणी मात्र घळाघळा यायला लागलं, आणि रांगेतल्या बाया कॅन खाली ठेवून हसायला लागल्या, रडायला लागल्या, काय करत होत्या त्यांनाच ठाऊक. मीही रडले. मशीनवर लीलाबाईच्या म्हशीचं फॅट तसंच राहिलं.

तेव्हापासून ग्रुपात दोन ॲडमिन, अक्का आणि तात्या, आणि नियम एकच, कुणालाही काढायचं नाही. मग भांडणाऱ्यांचं काय? त्याचं औषध अक्कानं काढलं. ज्याच्याविषयी वाकडं लिहिलं असेल, त्याच्यासमोर उभं राहून ते वाचून दाखवायचं. दत्तानं एकदा लिहिलं, "सुनंदीचं मशीन चोर, सुनंदी महाचोर." अक्कानं त्याला भर रांगेत माझ्यासमोर उभं केलं. "वाच." दत्ता "सुनंदाताईचं मशीन" एवढं वाचून थांबला. "ताई कुठं लिवलंय रे त्यात? लिवलंय तसं वाच!" मग त्यानं वाचलं. मीही माझ्या मनात साठलेलं सगळं त्याला ऐकवलं, त्याच्या पिकअपच्या हॉर्नपासून त्याच्या शर्टापर्यंत. दोघं चांगले घामाघूम झालो. अक्का पायरीवर बसून मान डोलवत होती, "आता कसं! ह्याला म्हंत्यात भांडन." आणि तिनं तिघांना चहा सांगितला. दत्ताच्या बोटांची खाज काही गेली नाही, पण आता लिहायच्या आधी तो मला फोन करून विचारतो, "ताई, हे वाचून दाखवावं लागंल का?"

दुष्काळ हटला, छावणी उठली, तात्याची एक गाय गाभणसुद्धा राहिली. ग्रुप राहिला. अक्काचे गुडघे मात्र गेले. लेकानं तिला लातूरला न्यायचं ठरवलं. जायच्या दिवशी ती संस्थेच्या पायरीवर बसली, भोवती आम्ही सगळे, आणि तिनं तात्याला मोबाईल दाखवला. "तात्या, आता मला काढा. दुसऱ्या गावचं पानी प्याला चालले, हितलं टँकर ऐकून काय करू?"

तात्या लांब सरकून बसला. "एकदा काढलंय. आजून बी हात कापतोय. न्हाई चेरमनबाई."

"आवो, जाग्याला दुसरं कुनी येईल की."

"जागा लई हाय. तुमी बसून ऱ्हावा."

तिनं मोबाईल कमरेला खोचला. पदर डोक्यावर घेतला आणि उठली.

एसटी आली. तिला खिडकीपाशी बसवलं. आणि गाडी सुटायच्या आत ग्रुपवर फुलं यायला लागली. कुणी आधी टाकलं देव जाणे. दत्तानंच टाकलं असणार. गुलाब, मोगरा, झेंडू, कमळ, कमळावर दव. आख्खं गाव फुलं टाकत होतं. गाडी वळणावर गेली तसा खिडकीतून एक हात बाहेर आला, मोबाईल लांब धरलेला, आणि आम्हाला तो आवाज धुळीतून थेट कानांनी ऐकू आला, "मुडद्यानू, ही फुलं जनावरं खाणार हायेत का?" मग जरा वेळानं तोच आवाज आमच्या सगळ्यांच्या मोबाईलमधून पुन्हा आला. त्यात मागं एसटीची घरघर होती, आणि शेवटी, बटण सोडायचं राहिलं म्हणून, ती हुंदके देत हसत होती.

फुलं डिलीट करायचं काम आता तात्याचं. तो ॲडमिन आहे, त्याला बोट लावायला किती वेळ लागतो? पण त्यानं त्यातलं एकही काढलेलं नाही.